गोंगाटातला नकाशा

आई आयर्लंडला, डब्लिनजवळच्या ल्यूकनला माझ्याकडे आली ती दोन महिन्यांसाठी. दोन हजार वीसचा फेब्रुवारी संपत आला होता. तिच्या बॅगेत ज्वारीचं पीठ होतं, घरचं तिखट होतं आणि परतीचं तिकीट होतं. मार्च सरायच्या आत ते तिकीट रद्द झालं, विमानं थांबली, आणि घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे कुणी जायचं नाही असं सरकारनं सांगितलं. माझा नवरा डॉक्टर. तो वॉटरफोर्डच्या मोठ्या हॉस्पिटलात काम करायचा, आणि आईच्या वयाकडे बघून त्यानं तिकडेच दुसऱ्या डॉक्टरांबरोबर घर घेऊन राहायचं ठरवलं. मग घरात उरलो आम्ही दोघी. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून सॉफ्टवेअर कंपनीचं काम करायची, आणि आई, जिनं यवतमाळच्या शाळेत सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली होती, ती खिडकीशी बसायची.

त्यात तिच्या कानातली ऐकायची मशीनं दगा देऊन बसली. एक बंदच पडलं, दुसऱ्यातून कुठलाही आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा यायला लागला. कानाचा दवाखाना बंद होता. माझ्याशी ती ओठांकडे बघून बोलायची. फोनवर यवतमाळच्या मैत्रिणींशी बोलणं मात्र संपल्यातच जमा झालं. ती तक्रार करत नव्हती. पण वर्गातल्या पन्नास पोरांना गप्प बसवणारी बाई दिवसभर गप्प बसलेली बघणं मला जड जात होतं.

आमच्या खिडकीतून विमानं दिसायची. वारा पूर्वेचा असला की डब्लिन विमानतळावर उतरायला निघालेली विमानं आमच्या उत्तरेकडून रांगेनं जायची. आता रांग नव्हतीच. क्वचित एखादं दिसलं की आई मला हाक मारायची. अशाच एका एप्रिलच्या दुपारी एक भलंमोठं विमान गेलं आणि तिनं विचारलं, हे कुठून आलं असेल?

मला कुठलं माहीत? मी परसात गेले. भिंतीपलीकडे आमचे शेजारी आकाशाकडे बघत उभे होते. सत्तरी ओलांडलेले, एकटे, पूर्वी डब्लिनमध्ये बस चालवायचे. त्यांच्या वयाच्या माणसांनी तेव्हा घराबाहेर पडूच नये असा नियम होता, म्हणून परसातली ती चौकोनी हिरवळ एवढंच त्यांचं जग उरलं होतं. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले की हे मालवाहू विमान आहे, चीनहून आलंय, हॉस्पिटलांसाठी मास्क आणि गाऊन घेऊन. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. त्यांनी कार्डिगन बाजूला केलं. पट्ट्याला एक काळा डबा अडकवलेला होता, वॉकीटॉकीसारखा, वर रबरी शेपटी. विमान काय घेऊन येतंय ते सकाळी बातम्यांत सांगितलं होतं, आणि त्याचा पायलट आत्ता या डब्यात बोलून गेला.

पायलट. आपल्या परसात. माझ्या अंगातून एकदम वीज गेल्यासारखं झालं. इंजिनिअरिंग शिकले, आयुष्यभर कॉम्प्युटर हाताळले, पण डोक्यावरून जाणाऱ्या विमानातला माणूस काय बोलतोय ते आपल्याला ऐकता येईल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्या डब्याला स्कॅनर म्हणतात. तो एकामागून एक ठरलेली चॅनेलं भराभर चाळत जातो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो. पोलिसांचं आणि अॅम्ब्युलन्सचं बोलणं आता कुलूपबंद असतं, त्यांनी सांगितलं, ते कुणालाच ऐकू येत नाही आणि येऊही नये. विमानांचं मात्र उघड्यावर असतं. आणि जे ऐकायचं ते आपल्यापाशी ठेवायचं, हेही त्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर पावाच्या पिशवीत गुंडाळलेला एक स्कॅनर होता. त्यांचा जुना. पिशवीला सॅनिटायझरचा वास येत होता.

इथे आयर्लंडमध्ये कुणाही तिसऱ्या माणसाला ‘युअर मॅन’ म्हणतात. शेजारी स्कॅनरलाही तसंच म्हणायचे. युअर मॅनला थंडी सोसत नाही, युअर मॅनची शेपटी घट्ट पिळून लाव. आईनं त्यांच्या ओठांवरून ते वाचलं आणि तिला वाटलं हे कंपनीचं नाव आहे. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव युरमन पडलं.

आणि युरमनचे नखरे काय सांगू. त्याच्या बॅटरीचं झाकण सैल होतं, त्याला रबरबँड लागायचा. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या घातल्या की तो भरल्यापोटीही भूक लागल्यासारखा टीं टीं करायचा. एकदा त्याची सगळी बटणं मेली. मी अर्धा दिवस शेजाऱ्यांना तोंड दाखवायला घाबरत होते, मग कळलं की माझ्याच हातून बटणांचं कुलूप लागलं होतं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याची चिमुकली किल्ली दिसतही होती. वरच्या बाजूला स्क्वेल्च नावाची एक चकती. ती कमी फिरवली तर कढईत फोडणी पडल्यासारखी अखंड चरचर, जास्त फिरवली तर जवळच्या विमानाचासुद्धा आवाज गिळून टाकायचा. या दोन्हींच्या मधली जागा नखाएवढी, आणि ती रोज बदलायची.

बोलणंही अर्धवटच यायचं. स्कॅनर चाळत चाळत त्या चॅनेलवर पोचेपर्यंत पायलटचं निम्मं वाक्य संपलेलं असे. शिवाय विमान उंचावर असतं म्हणून ते ऐकू यायचं, पण विमानतळावरचा माणूस घरांच्या आड, त्यामुळे त्याचं काहीच नाही. फोनवर बोलणाऱ्याचं एका बाजूचं बोलणं ऐकावं तसं. तरी मी वेडी झाले होते. ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये पाच मिनिटं मिळाली की वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, खिडकी उघडून, टबच्या काठावर बसून ऐकायचे. अटलांटिक ओलांडून आलेला पायलट शॅननच्या विमान-नियंत्रकाला गुड मॉर्निंग म्हणायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. एवढ्या रिकाम्या आकाशात कुणीतरी कुणालातरी गुड मॉर्निंग म्हणतंय.

सगळ्यात मोठा नखरा वेगळाच होता. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी युरमन एका ठराविक चॅनेलवर येऊन थांबायचा आणि हलायचाच नाही. बोलणं कुणाचंच नाही, नुसती गुरगुर. शेजारी म्हणाले, त्या चॅनेलला लॉक कर. लॉक केलं की स्कॅनर ते चॅनेल वगळून पुढे जातो. पण त्याच चॅनेलवर उतरणारी विमानं बोलायची, ते लॉक करणं माझ्या जिवावर आलं.

आईला मी पहिल्याच दिवशी युरमन दाखवला होता. तिनं तो कानाशी धरला, हसली, परत दिला. मग एकदा मी खूप रंगात येऊन सांगत होते की आत्ता एक कॅप्टन बाई बोलत होत्या, तेव्हा ती म्हणाली, “तू ऐक. मले तर तो पत्र्यावर पाऊस पडल्यासारखाच वाटते.” एवढंच बोलून कणीक मळायला गेली. माझा सगळा रंग उतरला. तिच्यासाठी आणलेलं खेळणं मी एकटीच खेळत होते.

लॅपटॉपवर रेडिओ ऐकता येतो हे शेजाऱ्यांनीच ओझरतं सांगितलं होतं. हल्लीची मुलं तसं करतात म्हणे, पण ज्याला बटणं नाहीत त्याला मी रेडिओ म्हणणार नाही, असं त्यांचं मत. मी रात्रीचं जेवण उरकून शोधायला बसले आणि वाचता वाचता हरखून गेले. पेनड्राइव्हएवढी एक काडी मिळते. मुळात ती लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेली. पण कुणाच्या तरी लक्षात आलं की तिला टीव्हीच नव्हे, हवेतलं बरंच काही ऐकू येतं. स्कॅनरमध्ये जे काम आतले सुटे भाग करतात ते इथे प्रोग्राम करतो. म्हणजे रेडिओ निम्म्याहून अधिक सॉफ्टवेअरच. हे तर माझं माहेर होतं! मी लगेच एक मागवली.

ती टपालानं आली त्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकली. लॅपटॉप आधी हटून बसला, त्याला ती टीव्हीचीच काडी वाटत होती. त्याची समजूत घालता घालता चहा दोनदा गार झाला. मग प्रोग्राम सुरू झाला आणि पडदा निळा झाला. वरून खाली सरकत जाणारी गर्द निळी पट्टी, आणि तिच्यात पिवळ्या, केशरी रेघा. या चित्राला धबधबा म्हणतात. आडव्या दिशेला चॅनेलं, उभ्या दिशेला वेळ. कुठे कुणी बोललं की तिथे रेघ उजळते आणि हळूहळू खाली वाहत जाते. स्कॅनर एका वेळी एकाच भोकातून बघतो. हिच्यात आजूबाजूची कितीतरी चॅनेलं एकदम दिसतात. वाक्याचं पहिलं टोक निसटायचा प्रश्नच नाही.

मी हेडफोन लावून बसले होते. आई मागे येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

“हे काय उमटलं?”

मी हेडफोनमध्ये दुसऱ्याच चॅनेलवर होते. तिनं बोट ठेवलेल्या रेघेवर मी क्लिक केलं, आणि पायलटचा आवाज आला. स्पष्ट, हसरा, उतरायची परवानगी मिळाल्याचा.

“कोणी बोलते का?” आईनं विचारलं.

मी होकाराची मान हलवली. तिनं खुर्ची ओढली. “मंग मले दिसते नं,” ती म्हणाली. “सरक जराशी.”

त्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. आई बघायची, मी ऐकायची. आठवडाभरात तिला रेघांचे चेहरे ओळखू यायला लागले. विमानाचं बोलणं म्हणजे मधोमध ठळक काटा आणि दोन्ही बाजूंना सारखे बारीक काटे, अगदी माशाच्या सांगाड्यासारखे. तिनं त्याला मासोळी नाव दिलं. गाण्यांचं स्टेशन म्हणजे रुंद, सतत हलणारी पट्टी, ती सतरंजी. आणि काही रेघा कुणाच्याच नव्हत्या. तिरप्या, अंधुक, इकडून तिकडे सरकणाऱ्या. त्या घरातल्याच कुठल्या तरी विजेच्या वस्तूच्या असतात असं मी वाचलं होतं. आईनं ऐकलं आणि पदर खोचला.

तिनं मला लॅपटॉपपाशी बसवलं नाही. लॅपटॉप तिच्यासमोर, आणि मी घरभर फिरून एकेक स्विच बंद करायचा. फ्रिज बंद केला, तिनं मान हलवली, नाही. वॉशिंग मशीन, नाही. इंटरनेटचा डबा बंद केला तेव्हा दोन रेघा गेल्या, पण युरमन अडायचा त्या चॅनेलवरची नव्हे. शेवटी मी ओट्यावरच्या प्रेसपाशी आले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि त्या प्रेसखाली आम्ही ओट्यावर उजेड पडावा म्हणून दिव्यांची पट्टी चिकटवली होती. ती बंद केली मात्र, आईनं दोन्ही हात वर केले. मी पट्टी पुन्हा लावली, तिनं हात खाली घेतले. बंद, वर. लावली, खाली. आम्ही दोघी कितीतरी वेळ हाच खेळ खेळत होतो आणि हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकाच्या वेळी युरमनची मान धरणारं भूत म्हणजे आमचाच दिवा होता. तो काढला आणि युरमन त्या चॅनेलवरून सरसर पुढे जायला लागला. शेजाऱ्यांना मी भिंतीवरून ही बातमी दिली तर त्यांनी आत जाऊन स्वतःचे दिवे तपासले.

उपग्रहाचं प्रकरण यानंतरचं. मी कुठेतरी वाचलं की हवामानाचे काही जुने उपग्रह रोज डोक्यावरून जातात आणि जाता जाता खाली दिसणाऱ्या पृथ्वीचं चित्र रेडिओवरून सोडत जातात. ओळीमागून ओळ, कुणासाठीही, फुकट. ते पकडायला आमच्या काडीसारखी काडी पुरते. मी आईला हे लिहून दाखवलं, कारण एवढं ओठांवरून सांगणं अवघड होतं. तिनं कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“थेट? इंटरनेटवरून नाही?”

“थेट. त्याच्याकडून आपल्याकडे.”

तिनं सगळी उमर फळ्यावर खडूनं खंडं काढली होती. हातात पुस्तक न घेता आफ्रिकेचा किनारा ती एका दमात काढायची, हे मी तिच्याच वर्गात बसून पाहिलं आहे.  संध्याकाळी मी काम संपवून उठले तर बैठकीच्या खोलीतला जुना पडद्याचा अॅल्युमिनियमचा दांडा खाली काढलेला होता, आणि ती शिलाईची टेप घेऊन त्याच्यापाशी बसली होती.

अँटेना साधीच असते. अर्ध्या मीटरहून थोडे लांब दोन दांडे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे पसरून आडवे धरायचे. त्यांच्यातला कोन नीट साधावा लागतो. माझ्या घरात कोनमापक नव्हता. आईनं ताट उपडं ठेवून वर्तमानपत्रावर वर्तुळ काढलं, दोरीनं त्याचे सहा सारखे भाग केले आणि त्यातले दोन धरून कोन आखून दिला. दांडे आम्ही प्लॅस्टिकच्या पोळपाटाला चिकटपट्टीनं बांधले, पोळपाट झाडूच्या काठीला, आणि काठी परसातल्या कचऱ्याच्या चाकाच्या डब्याला. शेजारी भिंतीवरून सगळं बघत होते. त्यांनी एकदा विचारलं की हे कपडे वाळत घालायला आहे का.

पहिल्या खेपेला उपग्रह घराच्या मागून गेला आणि काहीच आलं नाही. दुसऱ्या खेपेला मी आवाज इतका वाढवून ठेवला होता की सगळं चित्र पांढरं आलं. तिसऱ्या खेपेला पाऊस. आईनं लॅपटॉपवर छत्री धरली आणि स्वतः भिजली, आणि आलेल्या चित्रात राखाडी मुंग्यांशिवाय काही नव्हतं. मी वैतागले. तिनं मात्र त्या मुंग्यांमधल्या दोन पिसकटलेल्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. ढग आहेत ते, ती म्हणाली. आपल्याच डोक्यावरचे, जे आत्ता आपल्याला भिजवतायत. मला ते दिसत नव्हते. तिला दिसत होते.

मग मे महिन्यात आयर्लंडमध्ये असं ऊन पडलं की इथले लोक गोंधळून गेले. दिवसचे दिवस निळं आकाश. त्यातल्या एका शनिवारी दुपार कलल्यावर एक उपग्रह जवळजवळ माथ्यावरून जाणार होता. मी शेजाऱ्यांना सकाळीच चॅनेलचा आकडा सांगितला आणि म्हटलं, तुमच्या स्कॅनरवर तुम्हीही लावून बघा, बहुतेक ऐकू येईल. ते म्हणाले, ग्रँड. इथे होकाराचं, समाधानाचं, निरोपाचं, सगळ्याचं उत्तर ग्रँड असतं, त्यामुळे ते खरंच लावतील की नाही ते कळलं नाही.

आम्ही कचऱ्याच्या डब्याजवळ खुर्च्या टाकून बसलो. वेळ झाली. धबधबा निळाच. आई पापणी न हलवता बघत होती. अचानक भिंतीपलीकडून टिक-टॉक, टिक-टॉक असा चिरका आवाज आला, घड्याळ आणि रातकिडा एकत्र केल्यासारखा. शेजारी स्कॅनर डोक्यावर धरून उभे होते. त्याच क्षणी आईनं माझा दंड पकडला. पडद्यावर एक रुंद, नीट विणलेली पट्टी उमटायला लागली होती, आम्ही आजवर न पाहिलेली. त्यांनी ऐकलं आणि हिनं पाहिलं, एकाच वेळी.

शेजारी हातातल्या स्कॅनरकडे बघतच राहिले. “हा आवाज मी ओळखतो,” ते म्हणाले. “रोज येऊन छळायचा. कुणाच्या तरी यंत्राची खरखर समजून मी हे चॅनेल कित्येक वर्षांपूर्वी लॉक करून टाकलं.”

मी आईला हे सांगायला वळले, पण ती कुठे ऐकायच्या मनःस्थितीत होती. पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत चित्र उतरायला लागलं होतं. वरून खाली, ओळीमागून ओळ. एकमेकांलगत दोन पट्टे, एक उजेडाचं चित्र आणि एक उष्णतेचं. आधी थोडी खरखर, मग काळ्या पाण्याच्या कडेला एक फिकट चौकोनी जमीन. मग पाणी. मग आणखी जमीन. पण मला काही केल्या ओळख पटेना. कुठल्याच नकाशात असा देश नव्हता. माझं मन खट्टू व्हायला लागलं. काहीतरी चुकलंय, मी म्हणाले, प्रोग्रामनं चित्राची वाट लावली.

आईनं मान एका बाजूला टाकली. मग आणखी टाकली. मग उठली, आणि चालू लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून, वायर ताणली जाईल याची पर्वा न करता, उलटा केला.

“अवं, तो खालून वर चालला नं,” ती म्हणाली. “दक्षिणेकून आला, म्हणून दक्षिण पहिले उतरली. हे पाह्य. हे स्पेन. हे फ्रान्सचं नाक.”

तिचं बोट काचेला न टेकता किनाऱ्यावरून चाललं होतं, फळ्यावर चालायचं तसंच. समुद्रातून एक ढगसुद्धा नसलेला, स्वच्छ, अंड्यासारखा तुकडा ओळीओळीनं बाहेर येत होता. खालच्या कोपऱ्यात दातरी खाड्या. उजवीकडे गुळगुळीत किनारा. शेजाऱ्यांना दिसावं म्हणून मी तिच्याच हातांतला लॅपटॉप, तिच्यासकट, भिंतीकडे वळवला. दोन मीटरचं अंतर ठेवून त्यांनी मान पुढे काढली.

“तो आपण आहोत,” ते म्हणाले.

 महिने झाले, आपलं परस सोडून त्यांनी काही पाहिलं नव्हतं, आणि आता अख्खं आयर्लंड त्यांच्या भिंतीवर टेकलं होतं. टिक-टॉक हळूहळू क्षीण झालं. उपग्रह उत्तरेला बुडाला. आईनं लॅपटॉप खाली ठेवला. मी तिला मिठी मारली. शेजाऱ्यांना मिठी मारता येत नव्हती, म्हणून त्यांनी आत जाऊन बिस्किटांचा डबा आणला आणि भिंतीवर ठेवला.

चित्र मी लगेच नवऱ्याला पाठवलं. त्याचा फोन ड्युटी संपल्यावर आला. त्यानं ते वॉर्डातल्या नर्सेसना दाखवलं होतं आणि त्यातल्या एकीनं आपला गाव कुठे असेल तिथे टाचणीएवढा ठिपका दिला होता. मी त्याला म्हटलं की ल्यूकन आणि वॉटरफोर्ड या चित्रात नखाएवढ्या अंतरावर आहेत.  मग म्हणाला, उद्याचंही पाठव.

आम्ही रोजचं पाठवायला लागलो. जूनमध्ये नियम सैल झाले आणि वसाहतीतल्या मधल्या हिरवळीवर लोक अंतर राखून बसायला लागले. शेजाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. एका रविवारी आम्ही कचऱ्याचा डबा अँटेनासकट ढकलत तिथे नेला. आई पोळपाटाखाली उभी राहून शिकवत होती, अर्धं इंग्रजी, अर्धं वऱ्हाडी, आणि मी मधे मधे भाषांतर करत होते. चित्र उलटं उतरतं हे ती आधी कुणालाच सांगायची नाही. लोक कोड्यात पडलेले तिला बघायचं असायचं. मग कुणीतरी मान वाकडी करायचं, आणि ती त्या माणसाकडे बघून पसंतीची मान डोलवायची.

जुलैत दवाखाना उघडला आणि कानाची मशीनं नीट झाली. घरी आल्या आल्या तिनं युरमन मागितला. मी श्वास रोखून उभी. ती पाच-सात मिनिटं मन लावून ऐकत होती, कपाळाला आठी घालून. मग परत दिला. म्हणाली, “लय पुटपुटतात हे लोकं. वर्गात असते तर उभं केलं असतं.” आणि पुन्हा धबधब्यासमोर जाऊन बसली.

दोन महिन्यांसाठी आलेली आई पुढचा उन्हाळा उलटेपर्यंत राहिली. व्हिसा सरकारच वाढवत गेलं. मधल्या हिवाळ्यात वादळं आली तेव्हा अटलांटिकवर गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा ढग तिनं पहिल्यांदा पकडला आणि आनंदानं मला ऑफिसच्या मीटिंगमधून उठवलं. कॅमेरा चालू होता, सगळ्या टीमनं पाहिलं. माझ्या मॅनेजरनं मीटिंग थांबवून तिला ते समजावून सांगायला लावलं.

ती परत गेली तोवर शेजाऱ्यांनी स्वतःची काडी घेतली होती. बटणं नसलेल्या रेडिओला रेडिओ म्हणायचं नाही हे मत त्यांनी बदललं नाही, ते त्याला आईचं मशीन म्हणतात. दर रविवारी ते चित्र काढतात, मला पाठवतात, मी ते यवतमाळला पाठवते. अर्ध्या तासात आईचं उत्तर येतं, ढगांवर बोटानं काढलेल्या लाल रेघा आणि खाली बोललेला निरोप. गेल्या वेळचा निरोप मी भिंतीवरून शेजाऱ्यांना जसाच्या तसा सांगितला. पश्चिमेकून पाणी येऊन राहिलं, संध्याकाळपर्यंत पोचते, त्याहिले म्हण दोरीवरचे कपडे आत्ताच काढून घ्या.

त्यांनी वर पाहिलं. आकाश निळंशार होतं. मग ते आत गेले आणि टोपली घेऊन बाहेर आले.